पुसलेली फाइल परत येते तेव्हा

आमच्या तालुक्यातल्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. भाड्याच्या छोट्या लिनक्स सर्व्हरवर वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर, आहे. एका सभासद काकूंचा फोन आला, "अरे, मोबाइलवर गूगलमधून वाचनालय उघडलं की जुगाराचं पान येतंय." मी पत्ता थेट टाइप केला तर साइट व्यवस्थित. या हल्ल्याची ही ठरलेली चाल असते. गूगलवरून येणाऱ्यालाच भलतीकडे पळवायचं, सांभाळणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये पाहिलं, तर आमच्या नावावर जपानी मजकुराची पानंच्या पानं नोंदलेली.

साइट बंद केली आणि काहीही पुसायच्या आधी सगळ्या फाइल्स, डेटाबेस आणि लॉग (सर्व्हरवर काय काय घडलं त्याच्या नोंदी) घरच्या संगणकावर उतरवून घेतले. लॉग गेले की चोर कुठून शिरला ते कधीच कळत नाही.

वर्डप्रेसच्या कमांड लाइनवर मूळ फाइल्स ताडून पाहायची सोय आहे. तिने इंडेक्स फाइल बदललेली दाखवली. अपलोड फोल्डरमध्ये नुसते फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, तिथे ग्रंथप्रदर्शनाच्या फोटोंमध्ये एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, बसलेली. आत एकच लांबलचक ओळ, बेस ६४ मध्ये, म्हणजे सहज वाचता येऊ नये अशा अक्षरांत, गुंडाळलेली. पुसली, ताजं वर्डप्रेस चढवलं. चहा घेऊन येतो तोवर ती फाइल परत हजर!

साइटच्या फोल्डरमध्ये आता संशयास्पद काहीच नव्हतं. मग वेब सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो, त्याचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी, उघडला. दर मिनिटाला बाहेरच्या पत्त्यावरून तीच फाइल आणून ठेवणारी ओळ तिथे होती. नुसती साइट साफ करून भागत नाही ते यामुळे. डेटाबेसमध्ये अनोळखी ॲडमिनही सापडला.

साइटवर आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद असलेल्या ॲक्सेस लॉगमध्ये लॉगिनच्या फसलेल्या प्रयत्नांचा नुसता पाऊस होता, पण शिरकाव तिथून झालाच नव्हता. फोटो दाखवणाऱ्या एका गॅलरी प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडलेल्या पुरवणीच्या) अपलोडच्या पत्त्यावर पोस्ट विनंती, म्हणजे काहीतरी पाठवलेलं, उत्तर २००, म्हणजे स्वीकारलं, आणि लगेच त्या नव्या पीएचपी फाइलला हाक. पासवर्डची गरजच पडली नाही. ते प्लगइन काढून टाकलं. अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही असा नियम लावला. माझ्या मते सगळ्यात मोलाचा बंदोबस्त हाच. सगळे पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या बदलल्या, एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून शिरायची वाट, पासवर्डऐवजी फक्त कीच्या फाइलवर ठेवलं, वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला अडवणारं फेल-टू-बॅन बसवलं.

"पण पत्त्याशेजारी कुलूप तर दिसत होतं," कार्यकारिणीत कुणी म्हणालं. ते कुलूप वाटेतला मजकूर झाकतं. सर्व्हरवरच्या कोडला भोक असेल, तर हल्लाही त्याच झाकलेल्या वाटेने येतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घटना ६ तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय. आपण त्यात बसतो का, याचा काथ्याकूट न करता मी मेल पाठवला. डेटाबेसमध्ये सभासदांचे फोन नंबर होते, त्यामुळे त्यांनाही कळवायचा आग्रह धरला आणि कार्यकारिणीने तो मानला.

जपानी पानांना आता ४१०, म्हणजे 'पान कायमचं गेलं', असं उत्तर जातं, म्हणून गूगल ती हळूहळू गाळतंय. बॅकअप दुसरं मशीन या सर्व्हरला जोडून ओढून नेतं; त्या मशीनची किल्ली या सर्व्हरवर ठेवलेलीच नाही.