तीन बटणं

मंगळवार, रात्री उशिरा

आज झबल्याची तीन बटणं डाव्या हाताने लावली. चौथ्याला बाळच वैतागलं.

सात महिन्यांपूर्वी हा हात शेजारी कुणीतरी ठेवून गेल्यासारखा पडून होता. नऊ महिने माझं बीपी एकदाही वाढलं नव्हतं, म्हणून घरी आल्यावर कुणी ते मोजलं नाही. मीही नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी बरेचदा सगळ्यात वर जातं, हे मला आयसीयूत कळलं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार, वार पडली की संपतो अशी माझी समजूत होती. तो प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत उपटू शकतो.

दोन दिवस डोकं ठणकत होतं. डोळ्यांपुढे चांदण्या. सगळे म्हणाले, जाग्रण. मलाही ते पटलं, कारण जाग्रण खरंच होतं! मग वाटलं, पाठीतल्या इंजेक्शनमुळे असेल. पण त्याने दुखणारं डोकं आडवं पडलं की उतरतं. माझं उतरत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी डोक्यात काहीतरी फुटलं, उलटी झाली आणि हात गेला. इमर्जन्सीत बीपी 190/115. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव. बीपी उतरवायचं औषध शिरेतून, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम. ऑपरेशन टळलं.

पलीकडच्या खाटेवर सातव्या महिन्यातली एक जण होती. तिला प्रीएक्लॅम्प्सिया वगैरे काही नव्हतं. मेंदूत जन्मापासून रक्तवाहिन्यांचा गुंता होता, तो फुटला. तिची सासू परत परत विचारायची, डोक्याच्या स्कॅनने बाळाला काही होईल का? पोटापर्यंत पोचणारं रेडिएशन अगदी नगण्य असतं, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदाही न चिडता. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. तिचा चेहरा मात्र अजून आठवतो.

संध्याकाळी मावसबहिणीच्या नवऱ्याला फोन केला. कालच ती बाळाला घेऊन घरी आली. म्हटलं, सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा. 160/110 दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तासाभरात औषध मिळायला हवं. डोकं दुखलं तर आधी मशीन, मग गोळी.

"पण ताई, तिला बीपीचा त्रास कधीच नव्हता."

"मलाही नव्हता."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पट्टा कोपराच्या वर बांधायचा ना?"