दिलेलं विमान

नव्वदच्या दशकात मामाने आमच्याकडे टीव्ही गेम आणला. कॅसेटवर छापलं होतं '9999 इन 1', आणि आत खरे गेम मोजून वीसेक, तेच वेगवेगळ्या नंबरांनी फिरून फिरून येणारे. चालला नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. त्या यादीत रणगाडे होते, मशरूम खाऊन उंच होणारा मिशीवाला होता. माझा हात थांबायचा गॅलागावर: खाली आपलं विमान, वर किडे, आणि गोळ्या झाडत त्यांना टिपायचं.

जपानच्या नामको कंपनीने तो 1981 साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी, काढला. 1979 च्या गॅलेक्सियनचा धाकटा भाऊ. थोरल्याकडे एका वेळी एकच गोळी; ती कुणाला लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत बंदूक मुकी. धाकट्याला दोन मिळाल्या. जवळचा टिपला तर बंदूक लगेच मोकळी, पण दोन्ही नेम चुकले की एक तरी गोळी वर टोकाला जाईपर्यंत नुसतं चुकवत बसायचं. आमच्या रिमोटला टर्बो बटण होतं, दाबून धरलं की धडधड गोळ्या. इथे त्याचा सगळा माज त्या दोन गोळ्यांत उतरायचा. वर खेळ संपला की गेम हिशोब मांडायचा: झाडलेल्या किती, लागलेल्या किती, टक्के किती. वाण्याच्या वहीसारखा, निर्विकार. गुणांचं काही नाही, ते वाढतातच. त्या टक्क्यांची मात्र मला लाज वाटायची.

चाळीस किडे गिरक्या घेत येतात आणि पंगतीला बसावं तसे आपापल्या जागा धरतात. खाली माशा, मध्ये फुलपाखरं, सगळ्यात वर चार हिरवे बॉस. बॉसला दोन गोळ्या लागतात. पहिलीने तो फक्त रंग बदलतो. हे सगळं ठीकच आहे. खरी गंमत म्हणजे हा बॉस कधीकधी अर्ध्यात येऊन थांबतो आणि खाली निळ्या प्रकाशाचा पंखा उघडतो. त्यात सापडलो की आपलं विमान गरागरा फिरत वर जातं, लाल होतं, त्याच्या मागे जाऊन बसतं, आणि खेळायला आपल्या शिलकीतलं पुढचं विमान येतं.

आणि शहाणी पोरं मुद्दाम सापडायची! कारण तोच बॉस ते विमान घेऊन झेपावला, की वाटेत त्याला अचूक मारायचं. मग आपलं विमान सुटून खाली येतं आणि खेळत असलेल्या दुसऱ्याला चिकटतं. दोन विमानं, जोडीने गोळ्या. पैज तेवढीच मोठी: घाईत गोळी आपल्याच विमानाला लागली तर ते कायमचं गेलं. आणि परत मिळालं तरी आपण आता दुप्पट रुंद, म्हणजे शत्रूला नेम धरायला दुप्पट सोपे. जोडीचं विमान मिळाल्यावर मी जेमतेम मिनिटभर टिकायचो. तरी पुढच्या डावात पुन्हा त्या पंख्याखाली जाऊन उभा.

आई शेजारी गवार निवडत बसलेली असायची. तिला या सगळ्यातलं एवढंच कळायचं, की पोराने चांगलं विमान स्वतःहून देऊन टाकलंय आणि आता ते परत मिळवायला जिवाचा आटापिटा चाललाय. "दिलंस कशाला मग?" ती विचारायची. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एकदा तर म्हणाली, तुझ्या मोठ्या काकांनी जामीन राहून हेच केलं होतं.

एक नियम मात्र पक्का. हाताशी एकच विमान उरलं असेल तर पंख्याखाली जायचं नाही. ते पकडलं की सोडवायला मागे कुणी नाही, तिथेच खेळ खलास.

परवा फोनवर खेळत होतो. काचेवर बोट घसरतं, बटणाची सर नाही, पण आवाज तोच. शेवटचं विमान. हिरवा अर्ध्यात येऊन थांबला, पंखा उघडला. बाजूला सरकायला भरपूर जागा होती. आई पलीकडे पेपर वाचत होती. विमान वर खेचलं जातानाचा आवाज आला, तशी पेपरातून डोकं न काढता म्हणाली,

"दिलंस?"