सायबाच्या वाटेवर

खानापूरहून जुन्या गोव्याला आम्ही दरवर्षी चालत जातो. २९ नोव्हेंबरला पहाटे निघायचं. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, आणि २ डिसेंबरच्या संध्याकाळी बॉम जेझू चर्चच्या दारात. शंभरेक किलोमीटर. ३ तारखेला सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. जांबोटीच्या टपरीवर चहा पिताना कुणीतरी विचारतंच, "कुठली दिंडी ही?" दिंडी म्हटलं तर दिंडीच की. पुढे क्रूस, मागे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत चाललेल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे तांदूळ, पातेली, सतरंज्या भरलेला टेम्पो.

यंदा निघताना आईनं हातात शंभराची नोट ठेवली. "सायबाच्या पेटीत टाक." मी काही बोललो नाही. चर्चच्या कुठल्याही पेटीत पैसा टाकायचा नाही हे मी चार वर्षांपूर्वी ठरवलंय, आणि तिला ते चांगलं ठाऊक आहे.

बाबा गेले त्या सकाळी मी मातीची वेळ ठरवायला चर्चच्या ऑफिसात गेलो होतो. कमिटीचा माणूस वही उघडून बसला. त्याचं बोट नावांवरून सावकाश खाली आलं आणि आमच्या नावावर थांबलं. बाबांच्या आजारपणात दोन वर्षांची वर्गणी थकली होती. "एवढं मिटवा, मग खड्डा खणायला सांगतो." फादर आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. मी पैसे भरले. ज्या भिंतीला टेकून मी उभा होतो तिला दर फेस्ताआधी बाबांनीच चुना लावलेला. पुढे फादर सांत्वनाला घरी आले तेव्हा म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." मग ज्यांच्या घरच्यांची नावं बाकांवर कोरलीत, त्यांची वही कोण उघडतं? हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ती पावती अजून माझ्या पाकिटात आहे.

तेव्हापासून रविवारची मिस्सा बंद. पण रात्री पाठ टेकली की 'आमच्या बापा' आपोआप ओठावर येतं, आणि नोव्हेंबर लागला की पाय चाळवतात.

माझ्याबरोबर मास्तर असतात. बेळगावच्या मेथडिस्ट मंडळीतले, निवृत्त. त्यांच्यात संतांना नवस बोलत नाहीत. तरी येतात. विचारलं तर म्हणतात, "चालायला काय लागतंय रे?" मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीत, कळसा नाल्याचा कालवा खणलाय तिथून थोडं पुढे, आमचा मुक्काम पडला. (या नाल्याच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडतात, आम्ही दोन्हीकडचं पितो.) माझ्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. मास्तरांनी सुईत पांढरा दोरा ओवला, सुई मेणबत्तीवर धरली आणि फोडातून आरपार काढली. दोरा तसाच आत ठेवायचा, पाणी त्याच्यावरून निथळत राहतं, कातडी फाटत नाही.

दोऱ्याची टोकं कापता कापता म्हणाले, "कुणाच्या पाया पडायला चाललायस, ठाऊक आहे न्हवं? याच सायबानं १५४६ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं, चर्चचं धर्मन्यायालय."

ठाऊक होतं. सायब १५५२ साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला, इन्क्विझिशन १५६०ला आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२पर्यंत राहिलं. बाप्तिस्मा घेऊनही घरात जुने रिवाज पाळले म्हणून माणसं पकडून नेत. आजी सांगायची, आमचे मूळ पुरुष त्याच धाकानं रातोरात घाट चढून इकडे आले. म्हणजे ते ज्या घाटानं पळाले, तोच घाट मी दरवर्षी तेर्स म्हणत उतरतो.

"मग सोडू काय?" मी विचारलं.

"काय सोडणार? कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ला मिशनच सोडलं. 'देवाचा दरबार' नावाची आपली वेगळी मंडळी काढली. पंथ नको, गोऱ्या मिशनरी साहेबाची हुकमत नको. येशूला सोडलं काय त्यांनी?"

"त्यांनी मिशन तरी सोडलं. माझं नाव अजून त्या वहीत आहे."

"असू दे. खोडलंस तर भांडणार कुणाशी?"

झोप लागली नाही. टाच ठणकत होती ते एक, आणि मास्तर भयंकर घोरतात.

घाट उतरताना धुकं होतं, पुढच्या माणसाचा टॉर्च तेवढा दिसत होता. साखळीपासून पुढचा रस्ता मला कधीच आवडत नाही. ऊन आणि ट्रक, दुसरं काही नाही.

बॉम जेझूमध्ये सायबाचा देह असलेली चांदीची पेटी इतकी उंच ठेवली आहे की सायब दिसतच नाही, आणि मला ते बरं वाटतं. मी त्याच्याकडे काही मागत नाही. मान खाली घालून उभा राहतो, बाबांचं नाव घेतो, आणि जे बोलायचं ते त्याच्याही धन्याशी बोलतो. बाहेर आल्यावर मास्तरांनी से कॅथेड्रलसमोरची मोकळी जागा दाखवली. इन्क्विझिशनचा वाडा तिथंच होता. आता गवत आहे, त्यावर पदयात्री पाय पसरून बसले होते. आम्हीही बसलो.

दानपेटीपाशी पाकीट काढलं होतं. नोट पावतीला चिकटून होती. पाकीट परत खिशात घातलं आणि जत्रेत जाऊन त्या शंभराचं खाजं घेतलं, आल्याच्या वासाचं, गुळात घोळलेलं.

घरी पोचलो तर आईचा पहिला प्रश्न, "टाकलेस न्हवं?"

"हं."

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धं खाजं डब्यात भरलं आणि शेजारच्या पोराकरवी फादरकडे पाठवून दिलं. तेच फादर. त्यांना म्हणे गुडघ्यांमुळे फेस्ताला जाता आलं नव्हतं. मी बघत राहिलो. बोलणार काय, पैसे पेटीत टाकलेत असं मीच सांगून बसलो होतो.

संध्याकाळी डबा परत आला. आत चार केळी होती. एक मी खाल्लं.