घर असताना तंबू

"घर आसताना तंबू कित्याक रे, पुता?"

काल संध्याकाळी दिवाडी बेटावर तंबूचे खुंटे ठोकत होतो, तेव्हा शेजारच्या घराच्या बाल्कांवातून, म्हणजे पुढच्या ओट्यावरून, एका आजोबांनी विचारलं. मी नुसता हसलो. परतीचा पाऊस कधीही येईल हे दिसतच होतं, पण जुन्या गोव्याच्या फेरीबोटीत बुलेट चढवून आलो ते काय कुणाच्या ओट्यावर झोपायला? खाली जांभा. खुंटे जेमतेम बोटभर आत गेले.

रात्री दीडला वारा सुटला. खुंटे उपटले, काठी वाकली आणि साडेचार हजारांचा 'वॉटरप्रूफ' तंबू माझ्याच अंगाला चिकटला. स्लीपिंग बॅग काखेत मारून धावलो, तर बाल्कांवात दिवा चालू. चटई अंथरलेली. तिच्यावर चादरीची घडी, आणि ती उडू नये म्हणून वर एक नारळ.

तो नारळ काही डोक्यातून जात नाहीये.

म्हणजे झोपायला जातानाच त्यांना ठाऊक होतं. तरी पुन्हा आग्रह केला नाही. माझ्या घरात असं कुणाला जमत नाही, मला तर नाहीच.

सकाळी त्यावर अवाक्षर नाही. चहा-पाव दिला, नार्व्याच्या फेरीची वाट दाखवली.

पलीकडे सप्तकोटेश्वराचं देऊळ. देव मूळचा याच दिवाडीचा. पोर्तुगीजांनी इथलं देऊळ पाडलं, तेव्हा त्याला नदीपार नेलं. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, हे वाचलं होतं.

पण नदी ओलांडल्यावर अगदी पहिल्या रात्री त्याला कुणी जागा दिली असेल?