एआयकडून रोबोटच्या हाताचं डिझाइन करून घेताना : माझा अनुभव

माझी पीएचडी रोबोटिक आर्म हलका करण्यावर चालू आहे. खांद्याच्या मोटरची अर्धी ताकद पुढचा हात नुसता पेलण्यातच जाते, म्हणून जिथे लोड येत नाही तिथलं मटेरियल काढून टाकायचं. याला टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन म्हणतात, याच विषयावरचा 1988 चा बेंडसो-किकुची पेपर आणि सिग्मुंडचा 2001 चा 99 ओळींचा मॅटलॅब कोड, या फील्डमधले बरेच जण त्या कोडवरच हात बसवतात.

अडचण वेळेची. दर आयटरेशनला, म्हणजे आकार सुधारण्याच्या प्रत्येक फेरीला, पूर्ण एफईए (लोडखाली भाग किती वाकेल याचं कॉम्प्युटरवरचं गणित), थ्रीडीत मेश, म्हणजे गणितासाठी भागाचे पाडलेले तुकडे, बारीक केली की पीसी रात्रभर घुरघुरतोय. म्हणून न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं, लोड आणि सपोर्ट (भाग कुठे धरलाय ते) दिले की सेकंदात आकार हजर. चित्रं इतकी भारी की लॅबमध्ये सगळे खूश, एररही कमी, पण तेच आकार एफईएत टाकले तर काहींचं डिफ्लेक्शन (वाकणं) भलतंच! झूम केलं तर एखादी बारीक काडी मधेच तुटलेली. चार पिक्सेल इकडेतिकडे झाले तर नेटवर्कला काय फरक पडतो, पण लोड नेमका त्याच काडीतून जाणार असतो ना.

गाइड मॅडम म्हणाल्या, "अरे, नेटवर्ककडून उत्तर कशाला घेतोस, सुरुवात घे." मग नेटवर्कचं आउटपुट सॉल्व्हरला (आयटरेशन करणाऱ्या नेहमीच्या प्रोग्रॅमला) स्टार्टिंग पॉइंट म्हणून दिलं. पण थेट नाही, आधी थोडं ब्लर करून, कारण डेन्सिटी (त्या जागी मटेरियल किती ते) शून्याला टेकली की सेन्सिटिव्हिटीपण (तिथे मटेरियल वाढवलं तर किती फरक पडेल ते) जवळपास शून्य होते आणि तिथे मटेरियल परत येतच नाही. हे कुठल्या पेपरात ठळक लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आता थोड्याच आयटरेशनमध्ये काड्या जुळतात.

थ्रीडी प्रिंटिंगचं ज्ञान वर्कशॉपच्या काकांकडून. "उभा छापलास तर थरावरून मोडेल, आडवा झोपव." झोपवला. छापताना खाली लागणारे प्लास्टिकचे सपोर्ट खरवडताना बोटं सोलली ते सोडा.

नंतर यूआरडीएफमध्ये (रोबोटचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) नवीन मास आणि इनर्शिया भरले, जुनेच ठेवले असते तर ग्रॅव्हिटी कॉम्पेन्सेशनने (हाताचं वजन पेलायला मोटरला दिलेल्या जोराने) हात वर उडवला असता. मोटरचा करंट जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या लिंकपेक्षा कमी आला, पण पेलोड (उचलायचं वजन) लावला की टोक जरा वाकतं, पीएलए (प्रिंटिंगचं प्लास्टिक) शेवटी पीएलए, कडकपणा अ‍ॅल्युमिनियमच्या 70 गिगापास्कलपुढे साधारण 3. सध्या कार्बन फायबरवाल्या नायलॉनचं कोटेशन मागवलंय, परचेसमध्ये अडकलंय.