सातवा महिना: एचबी ११.३, पोतं २५ किलो, कोंबड्या तीन

सातव्या महिन्याची नोंद आठ दिवस उशिरा टाकतेय. आमच्याकडे लाईटचा खेळ सुरू आहे आणि दुपारी बारा ते चार माणूस तर सोडा, मोबाईल पण तापून बंद पडतो. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, आर्वीच्या बाजूचं गाव, वय ४१, वजन ५२, पाच एकर वावर, कापूस-तूर आणि विहिरीवर थोडा हरभरा. दिवाळीनंतर ठरवलं की ताटात होईल तेवढं आपल्या वावरातलं-परसातलं आणायचं, आणि वावरातलं काम कोणाला हाक न मारता करता येईल एवढं अंग तयार करायचं. जिम तालुक्याला आहे, तिकडे जायचा प्रश्नच नाही.

आधी एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. नोव्हेंबरात ९.४ निघालं होतं. मला वाटायचं आपण दिवसभर राबतो म्हणजे तब्येत ठणठणीतच असणार, कापूस वेचताना दुपारून दम लागायचा तर म्हणायची वय झालं. डॉक्टरांनी आधी सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासायला लावलं, आपल्या भागात ते पाहूनच घ्यावं, ते निघालं नाही, मग लोहाच्या गोळ्या दिल्या. या महिन्यात ११.३ आलं. बाईला १२ च्या वर पाहिजे, म्हणजे अजून बाकी आहे. आणि हो, उगाच चुलीला सगळं क्रेडिट नको, तीन महिने गोळ्या नीट घेतल्या म्हणून वाढलं. पण सोबत तीन गोष्टी केल्या, भाजी लोखंडी कढईत, वरून लिंबू, आणि जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. कढई आणि लिंबू सोपं होतं. चहाचं मात्र विचारू नका, पहिले पंधरा दिवस घरात कोणी माझ्याशी सरळ बोललं नाही कारण मीच कोणाशी सरळ बोलत नव्हती.

मेमधे हिरवी भाजी कुठून आणता असं मागच्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. परसात सध्या शेवगा सोडला तर काही नाही. पण हरभऱ्याचा सुका पाला आहे! पेरल्यावर महिनाभरानं हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटवे जास्त काढतं, म्हणजे खुडणं पिकाच्या फायद्याचंच, आणि टोपलंभर भाजी फुकट. सकाळी दवात खुडलं की पाल्यावरची आंब बोटांना लागते, नखाजवळ कुठे चिरलेलं असलं तर अशी झोंबते की काही विचारू नका, आणि जीभ लावली तर आंबट-खारट. तो पाला सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, मग हातानं चोळून काड्या काढून डब्यात भरायचा. आता उन्हाळ्यात मूठभर पाला, ज्वारीच्या कण्या, लसूण-मिरचीची फोडणी, वर कच्चं तेल. सांबार मिळाला तर ठीक, नाही तर नाही (पुण्याकडच्यांनो, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, डोसा घेऊन येऊ नका). सोळा-सतरा वेळा ही भाजी झाली, डबा आता तळाला आला.

प्रोटीनचा हिशोब पण केला, किराण्याच्या काट्यावर पीठ मोजून. वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम धरलं तर मला ४३ ग्रॅम लागतं. तीन भाकरीचं २७० ग्रॅम पीठ, ज्वारीत शंभराला दहाच्या आसपास, म्हणजे २७. वाटीभर वरणाला कच्ची डाळ ३० ग्रॅम, त्यात सहा-सात. झाले ३४, कमी पडतात नऊ. शिवाय ज्वारीच्या प्रोटीनमधे जे कमी असतं ते डाळीतून भरून निघतं, म्हणून भाकर-ठेचा खाऊन पोट भरतं पण काम भागत नाही, वरण पाहिजेच. आता घरचेच फुटाणे दुपारी दोन मुठी, ५० ग्रॅम, नाही तर अंडं आणि शेंगदाणे. जवसाची चटणी रोज आहे, पण ती चांगल्या तेलासाठी, आणि जवस भाजून कुटलाच पाहिजे, अख्खा तसाच निघून जातो. शेजारच्यांनी सोयाबीन कच्चंच दळून कणकेत मिसळलं होतं, दोन दिवस घरभर पोटं धरून बसले होते, ते शिजवल्या-भाजल्याशिवाय खायचं नसतं.

आता पोत्याचं. मार्चमधे मी युरियाचं अख्खं पोतं, आता ४५ चं येतं, बंडीतून (बैलगाडीतून) एकटीनं उतरवायला गेली आणि कमर धरली. बारा दिवस साधी बादली पण नाही उचलली. हा भाग मागच्या नोंदीत गाळला होता, लाज वाटली म्हणून. मग मामा आले, ते तरुणपणी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जायचे, १९१४ ची संस्था, बोलायला लागले की अजून मल्लखांबावरच येतात. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "कमरेनं काहून उचलतं पोरी? ढुंगण मागं घे, पोतं छातीले लाव, मंग पायानं उठ." पाठीला वखराचा दांडा टेकवून रोज वीस वेळा नुसतं वाकणं-उठणं करून घेतलं, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही दांड्याला लागून राहिले पाहिजे. तीन आठवड्यांनी जुन्या पोत्यात १० किलो तूर, मग १५, मग २०. आता २५ किलो छातीशी धरून विहिरीपासून गोठ्यापर्यंत चार फेऱ्या होतात. पहाटे पाचला, नंतर ऊन उभं राहू देत नाही. बैठका तीस, दंड अजून गुडघे टेकूनच, सात झाले की हात थरथरतात.

सासूबाईंचं मत वेगळं आहे. "वज्जन उचलून कोणतं मेडल भेटते तुले? जातं ओढ." ओढलं. किलोभर कण्या भरडायला मला २५ मिनिटं आणि तीन वेळा थांबणं, त्या ७० च्या, गप्पा मारत १५ मिनिटांत. आमचं जातं गुळगुळीत झालंय, टाकी लावून घ्यायची आहे, म्हणजे छिन्नीनं ठोकून दगड परत खरखरीत करायचा, पण टाकी लावणारा या भागात आता येत नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा.

पुढच्या महिन्यात मृग, अंबाडी आणि चवळी धुऱ्यावर (बांधावर) टाकायची. पोळ्यापर्यंत ३० किलो करायचंय, जास्त घाई नाही.

अंड्यांचं गणित मात्र बिघडलं. पाच गावरान कोंबड्या होत्या, दोन मुंगसानं नेल्या, खुराड्याच्या खालून. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तिथूनच उकरत घुसतं. दगड लावले, फायदा नाही झाला. काळ्या मातीत जाळी किती खोल पुरता ते लिहा, पाऊस लागायच्या आत करायचंय.