पाणी तेच की ओ!

सकाळी कोर्टात तारीख पडली आणि संध्याकाळी काळ्या कोटातच पर्यावरण कायद्याच्या तासाला उभा राहिलो. विषय २०१० चा हरित न्यायाधिकरण कायदा, म्हणजे पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या खास न्यायपीठाचा कायदा. कर्नाटकातले दावे चेन्नईच्या खंडपीठाकडे, महाराष्ट्राचे पुण्याकडे, हे सांगून पुढं जाणार तोच मागच्या बाकावरून खानापूरची पोर म्हणाली, "सर, घटप्रभा चंदगडात उगवते. तिथला माणूस पुण्याला जाणार, खाली हुक्केरीचा चेन्नईला? पाणी तेच की ओ!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर जुळवेना. दावा दाखल करायला कलम १४ ची सहा महिन्यांची मुदत, वर फार तर साठ दिवस, एवढं शिकवून वेळ मारून नेली. (बेळगावहून पुणं जवळ, हे तिला सांगायलाच नको.) परवा पुन्हा तास आहे. आज रात्री कायदा उघडून बसलोय, अशिलाची फाईल तशीच पडलीय.